वरच्या मजल्यावर दुकानेच ठेवावीत की घरे आणावीत?

शॉपिंग सेंटरचा वापर बदलून वरती घरे आणावीत की इमारत आहे तशी ठेवावी, असा प्रश्न ज्या दुकानमालकांपुढे आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गोव्यात डिचोलीला आमच्या इमारतीने हा निर्णय घेतला त्याला आता चार पावसाळे झाले. माझे कापडाचे दुकान तळमजल्यावर आहे. अनुभव एकाच इमारतीचा, तेव्हा तो तेवढ्यापुरताच धरावा.

नुसत्या दुकानांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. सगळ्यांच्या वेळा एक असतात. बुधवारच्या बाजाराला किंवा गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या मांडवीचे) सामान विकायला बसणाऱ्यांनी आवार भरले, तरी कोणाची तक्रार नसते. खाली बार किंवा खाणावळीला गाळा देता येतो आणि त्याचे भाडे चांगले मिळते. तुमचा पहिला मजला दवाखाना, ट्यूशन, विमा कार्यालय यांनी भरलेला असेल, तर माझ्या मते काही बदलू नये.

आमचा तसा नव्हता. वर ट्रकमालकांची आणि खाणींना माल पुरवणाऱ्यांची ऑफिसे होती. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा निम्मी गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केल्यावर उरलेलीही गेली. मालक भाडे उतरवायला तयार होते, पण जिना चढून वर येणारे गिऱ्हाईकच राहिले नव्हते.

रिकाम्या मजल्याचा त्रास भाड्यापुरता नसतो. जुलैच्या एका शनिवारी रात्री गच्चीवरची पन्हळ आंब्याच्या पानांनी तुंबली. पाणी जिन्यातून वरच्या पॅसेजमध्ये आले, तिथून बंद गाळ्यांत, आणि तिथून स्लॅबमधून माझ्या दुकानात. रविवारी सेंटर बंद. सोमवारी सकाळी शटर वर केले तर चतुर्थीसाठी आणलेले साड्यांचे गठ्ठे खालून वरपर्यंत भिजलेले. एक बादली आणि एक काठी एवढ्याने टळणारी गोष्ट होती, पण छत्तीस तास त्या इमारतीत माणूसच नव्हता. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही पन्हळ साफ करून घेतली. तरी ऑगस्टमध्ये तेच झाले, या वेळी शेजारच्या औषधवाल्याकडे. त्यानंतरच्या बैठकीत मी घरांच्या बाजूने हात वर केला. भाड्याचा हिशेब मी त्या दिवशी केलाच नव्हता.

आता वर सहा कुटुंबे आहेत. गच्चीवर पाणी साचले की रात्री अकरालाही कोणीतरी वर जाते आणि मला फोन येतो. संध्याकाळी साडेआठनंतर जिन्यात बाटल्या घेऊन बसणारे होते, ते कोणी न हाकलता गेले. म्हापशाच्या, मडगावच्या जुन्या बाजारातली घरे आठवा. खाली दुकान, वर माडी, आणि दुपारी दीडला फळी लावून मालक जेवायला वर जायचा. आपल्याकडे ही रीत नवी नाही.

त्रासही सांगतो. मोठा त्रास सेप्टिक टँकचा. चार दुकानांच्या एका संडासासाठी बांधलेला टँक सहा घरांच्या न्हाणीला आणि मोरीला पुरत नाही. आमचे सोकपिट, म्हणजे टँकचे पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा, पहिल्याच पावसात भरून वर आला आणि आवार आठ दिवस वासाने भरले. नवा टँक आधी बांधा, माणसे मग आणा. बारचा गाळाही आम्हाला सोडावा लागला, ते नुकसान खरे आहे. पार्किंगची कुरबुर अजून चालू आहे.

कागदांचे थोडक्यात. सुरुवात झोन सर्टिफिकेटपासून, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठरवली आहे त्या दाखल्यापासून, करा. तुमचे गाव ओडीपीत (शहरी भागाच्या विकास आराखड्यात) येते की गोव्याच्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये, यावर पुढचे सगळे ठरते. मंजूर नकाशात वरचा मजला दुकानांचा असेल तर सुधारित नकाशा, परवाना आणि शेवटी ऑक्युपन्सी (इमारत वापरण्याचा दाखला) घ्यावी लागेल. एकट्या प्लॉटचा झोन बदलून देतो म्हणणारे भेटतील, तिथे जरा थांबा. असा झोन बदलण्यासाठी गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली आलेल्या १७(२) कलमाखालचे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. झोन बदलण्याच्याच २०२४ च्या ३९अ कलमालाही लोकांचा मोठा विरोध झाला. अशा वाटेने मिळालेल्या झोनवर आयुष्याची पुंजी लावणे मला तरी जमले नसते.

बैठकीत नकाशा समोर येईल तेव्हा आधी जिना बघा. घरांचा जिना दुकानांच्या पॅसेजमधून जात असेल, तर रात्री पॅसेज उघडा ठेवावा लागतो आणि दुकानदार व बिऱ्हाडकरू दोघेही वैतागतात. आम्ही मागच्या बाजूने वेगळा जिना काढला, त्यासाठी माझ्या गाळ्याची पावणेदोन मीटर जागा गेली. ती मी परत एकदा देईन. वेगळा जिना निघतच नसेल, तर मात्र वरती दुकाने राहू द्या आणि पन्हळीसाठी पावसाळ्यापुरता रात्रीचा माणूस ठेवा.