विश्रामबागेतील बालविकास केंद्र : मुलाला न्याय, मुलीला उशीर

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका बालविकास केंद्रात गेली दोन वर्षे आम्ही तासगावहून आमच्या दोन्ही मुलांना घेऊन येत आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा. दोघेही स्वमग्न आहेत, म्हणजे दोघांनाही ऑटिझम आहे. केंद्राचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण एवढी तक्रार असूनही आम्ही अजून तेथेच जातो.

मुलाच्या बाबतीत केंद्राचे काम उत्तम आहे. तो बिथरला की स्वतःच्या मनगटाचा चावा घेतो, जमिनीवर डोके आपटतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला बराच काळ लाडावलेला पोरगा ठरवून टाकले होते. तेथील मानसतज्ज्ञ बाईंनी औषधाचा विषय न काढता आमच्या हाती एक वही दिली आणि आधी काय घडले, त्याने काय केले, त्यानंतर त्याला काय मिळाले, असे तीन रकाने रोज भरायला सांगितले. सहा आठवड्यांनी नोंदी एकत्र वाचल्यावर दिसले की त्याचा आकांत बहुधा संध्याकाळी, मी स्वयंपाकाला लागल्यावर सुरू होतो आणि पहिल्या रकान्यात कुकरची शिट्टी पुन्हा पुन्हा येते. आवाज, स्पर्श, वास यांचा असा अतोनात त्रास २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेपासून ऑटिझमच्या लक्षणांत धरला जातो, हे त्यांनी सासूबाईंना पटेल अशा भाषेत सांगितले आणि ‘दोन रट्टे द्या, ताळ्यावर येईल’ हा सल्ला आमच्या घरात बंद झाला. आता कुकर लावण्याआधी त्याला तीन शिट्ट्यांचे चित्र दाखवतो. तो कान झाकून अंगणात जातो आणि तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद करा म्हणून तेथूनच ओरडतो.

मुलीचे मात्र जवळजवळ वर्ष वाया गेले. शाळेत ती सगळ्यांची गुणी मुलगी आहे. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीचे हसणे, मान वेळावणे, बोलण्याची ढब हुबेहूब उचलून ती दिवस निभावते, आणि घरी आल्यावर दप्तरासकट पलंगाखाली जाऊन तासभर बसते. दर सोमवारी तिच्या पोटात दुखते. डाव्या भुवईचे केस तिने उपटून काढले आहेत. केंद्राने मुलांच्या वागण्याची आणि भावनांची प्राथमिक चाचपणी करणारी एसडीक्यू ही २५ प्रश्नांची प्रश्नावली फक्त वर्गशिक्षिकेकडून भरून घेतली, आणि वर्गात कोणाला त्रास न देणाऱ्या मुलीचे उत्तर अर्थातच ‘काळजीचे कारण नाही’ असे आले. याच प्रश्नावलीचा पालकांनी भरायचा वेगळा नमुना असतो आणि तिच्यात पोटदुखी, काळजी, भीती यांची स्वतंत्र चौकशी असते, हे मला फार नंतर कळले. ऑटिझम मोजण्यासाठी भारतात वापरल्या जाणाऱ्या ४० मुद्द्यांच्या आयएसएए चाचणीत ७० गुणांपासून ऑटिझम धरतात. तिला ६६ मिळाले. ‘भावाला आहे म्हणून हिच्यातही शोधत बसू नका,’ असे मला सांगण्यात आले.

गेल्या जूनमध्ये रुजू झालेल्या दुसऱ्या मानसतज्ज्ञांनी दोन्ही नमुने मागवले, मुलीशी चित्रे काढता काढता एकटीने चार वेळा बोलल्या आणि मगच फेरतपासणी केली. ऑटिझममध्ये चार मुलग्यांमागे एक मुलगी, हे प्रमाण वर्षानुवर्षे सांगितले जाते. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात ते तीनास एकच्या जवळ आले, कारण मुली निदानातून निसटतात, हेही त्यांच्याकडूनच समजले. पहिल्याच भेटीत कोणी हे सांगितले असते तर तिची भुवई कदाचित वाचली असती.

पंचेचाळीस मिनिटांच्या सत्राला ५०० रुपये पडतात. अपंगत्वाच्या ऑनलाइन कार्डाचा अर्ज कार्यालयातील ताई विनामूल्य भरून देतात. आवाजाने हैराण होणाऱ्या मुलांच्या प्रतीक्षाकक्षात टीव्ही मोठ्याने चालू असतो. हे कोणाच्या डोक्यातून निघाले असेल, देव जाणे.

शनिवारच्या गटसत्रात सध्या सात मुलगे आणि आमची एकटी मुलगी आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमविषयीच्या गाजलेल्या लेखात वर्णन केलेल्या ११ मुलांतसुद्धा ३ मुली होत्या. मिरजेची एक आणि कवठेमहांकाळची एक अशा दोघी प्रतीक्षायादीत आहेत. मुलींचा वेगळा गट दिवाळीनंतर सुरू करू, असे केंद्राने लेखी कळवले आहे.