डेक्सा स्कॅन: झोपायचं काम सोपं, रिपोर्ट मात्र निरखून घ्या

हाडांची घनता मोजायची तर डेक्साच (एक्स-रे वापरून घनता मोजणारा स्कॅन) करावा. टाचेला लावायचं अल्ट्रासाउंड यंत्र हाड मोडण्याच्या धोक्याचा अंदाज देतं, पण डेक्साचे निकष लावून त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) निदान करता येत नाही.

तयारी किरकोळ. उपाशी राहायचं नाही, फक्त कॅल्शियमची गोळी 24 तास आधी थांबवायची. पोटात न विरघळलेली गोळी कंबरेच्या मणक्यांवर आली, तर आकडा उगाच फुगतो. बेरियम किंवा कॉन्ट्रास्ट देऊन दुसरी तपासणी झाली असेल तर एक-दोन आठवडे जाऊ द्या. चेन, हुक, बकल नसलेले कपडे घाला. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधीच सांगा.

यात एमआरआयसारखा बोगदा नाही. उताणं झोपायचं, यंत्राचा हात वरून सरकतो. 10 ते 20 मिनिटांत काम आटोपतं, किरणोत्सर्ग छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी.

केंद्र चांगलं की वाईट ते ठरतं तंत्रज्ञ तुम्हाला कसं झोपवतो यावर. मणक्यांसाठी पाय ठोकळ्यावर ठेवून कंबर टेबलाला टेकवतात. खुब्यासाठी पाय आत वळवून पट्ट्यानं बांधतात. जरा अवघडल्यासारखं होतं, पण इथे घाई झाली की मांडीच्या हाडाच्या मानेचं माप चुकतं. रिपोर्टमधल्या चित्रात हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा ठळक दिसत असेल, तर पाय पुरेसा वळवलेला नव्हता असं समजा.

मणक्यांचे आकडे तर हमखास फसवतात. झिजेमुळे वाढलेलं हाड किंवा दबलेला मणका घनता जास्त दाखवतो. एल1 ते एल4 या कंबरेच्या मणक्यांपैकी एखाद्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी घनतेची तुलना) शेजारच्यापेक्षा 1 हून अधिक वेगळा असेल तर तो वगळायला हवा. निदान दोन मणके धड उरले नाहीत, तर कंबरेचा आकडा सोडून खुबा आणि हाताचं हाड बघावं.

टी-स्कोअर वजा 1 किंवा वर असेल तर ठीक, वजा 2.5 किंवा खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषांना मात्र हा निकष नाही, त्यांचा झेड-स्कोअर (त्यांच्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात.

पुढची तपासणी त्याच यंत्रावर करा आणि स्कोअरऐवजी घनतेचा ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमधला आकडा ताडून बघा. किती टक्क्यांच्या आतला फरक यंत्राच्या चुकीत जमा होतो, हे केंद्राला विचारा. उत्तर देता आलं नाही, तर दुसरं केंद्र शोधा.