रायझन ९ ७९५०एक्स की कोअर आय९-१४९००के?

एक एएमडीचा, दुसरा इंटेलचा; दोन्ही डेस्कटॉप संगणकाचे प्रोसेसर. दोन्हींत ३२ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारी ३२ कामे. रायझनचे १६ कोअर एकाच जातीचे. इंटेलचे २४, त्यांत ८ ताकदवान आणि १६ काटकसरी. प्रीमिअर या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ या नेहमीच्या फॉरमॅटचे फुटेज कापणाऱ्याला इंटेलचे क्विक सिंक (चिपमधला व्हिडिओसाठीचा खास भाग) खरेच उपयोगी पडते. थ्रीडी चित्रांच्या ब्लेंडरसाठी किंवा तासन्‌तास चालणाऱ्या कोड कंपाइलसाठी मात्र मी रायझनच घेईन.

कारण वीज. इंटेलची मर्यादा २५३ वॅट, रायझनची २३० वॅट. पण बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘१०५ वॅट’ नावाचा इको मोड लावला की रायझन प्रत्यक्षात १४२ वॅटवर थांबतो आणि वेग फारसा पडत नाही. पूर्ण भारावर ९५ अंश दिसले तर घाबरू नका, तो तसाच बनवलाय.

सेकंडहँड १४९००के घेताना जपून. जास्त व्होल्टेजमुळे या चिप झिजतात; गेम शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) बनवताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ अशी फसवी एरर येते आणि दोष ग्राफिक्स कार्डावर जातो. बायॉसमध्ये ०x१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (चिपच्या आतले सॉफ्टवेअर) हवाच, तरी झिजलेली चिप त्याने सुधारत नाही.

रायझनची खोड रॅमची: चार स्टिक लावल्या की रॅमचा अधिकृत वेग ५२०० एमटी/सेकंदवरून ३६००वर येतो. दोनच मोठ्या घ्या. पहिल्यांदा सुरू करताना रॅम जुळवून घेण्यात काही मिनिटे स्क्रीन काळीच राहते. पॉवरचे बटण दाबू नका.