पत्र्याच्या रुळांवरचा खेकडा : जुन्या मेर्क्लिन रेल्वेचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात श्टुटगार्टजवळच्या एका जुन्या बाजारातून मी केळ्यांचे दोन खोके भरून मेर्क्लिन या जर्मन कंपनीच्या खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ घरी आणले. सोबत तीन इंजिनं, नऊ डबे आणि एक निळा ट्रान्सफॉर्मर. सगळ्याचे मिळून १८० युरो. आता पुन्हा दिवाळी तोंडावर आली आहे आणि घराच्या मागच्या खोलीत २.१० बाय १.१० मीटरच्या प्लायवर गाडी रोज धावते आहे. जुनी रेल्वे घ्यावी का, असं हल्ली दोघातिघांनी विचारलं, म्हणून सगळा अनुभव एकदा सविस्तर लिहितो.

आधी हे रूळ म्हणजे काय, ते सांगतो. मेर्क्लिन ग्योपिंगेनची, आमच्या घरापासून लोकलने तासाभरावर. १८५९ पासूनची कंपनी. १९३५ मध्ये त्यांनी आज आपण एचओ म्हणतो त्या मापाची छोटी रेल्वे आणली. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, प्रमाण १:८७. माझ्याकडचे एम-रूळ युद्धानंतरच्या काळातले. खडी आणि स्लीपर पत्र्यावरच ठसवून छापलेले, आणि मधोमध प्रत्येक स्लीपरवर एक बारीक ठिपका. हा ठिपका म्हणजे तिसरा रूळ. इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी या ठिपक्यांवरून घसरत वीज घेते, आणि दोन्ही बाजूंचे रूळ मिळून परतीची वाट.

याचा फायदा हाताने रूळ जोडायला बसल्यावर कळतो. दोन रुळांच्या डीसी पद्धतीत गाडी वळसा घालून त्याच रुळावर परत आणली की डावा-उजवा रूळ एकमेकांना भिडतात आणि शॉर्ट होतो. मग तिथे तुकडा वेगळा करा, स्विच लावा, हे सगळं आलं. इथे दोन्ही रूळ एकच, त्यामुळे हवा तसा वळसा घाला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिने जमिनीवर आठाचा आकडा, फुग्यासारखा वळसा, काय वाटेल ते जोडलं आणि सगळं पहिल्या फटक्यात चाललं. लहान मुलांच्या हातात देण्यासाठी यापेक्षा शहाणी रचना मला माहीत नाही.

आता दुरुस्ती. विकणारा म्हणाला होता, सगळं चालतं. घरी तीनपैकी एकच इंजिन हललं, तेही रखडत. पण इंजिनांनी मला फार दमवलं नाही. तीन चाकजोड्यांचं छोटं काळं टँक इंजिन (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) घ्या. एक स्क्रू काढला की वरचं ओतीव धातूचं कवच अलगद हातात येतं आणि आतलं सगळं डोळ्यांसमोर उघडं. ना क्लिपा, ना चिकटवलेलं काही. जुनं तेल गिअरमध्ये मधासारखं घट्ट आणि पिवळं झालं होतं. साफसफाईच्या पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते उतरवलं. कम्युटेटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या तांब्याच्या चकतीच्या, खाचांमधली काळी भुकटी दात कोरायच्या काडीने काढली. त्या चकतीला टेकून वीज देणारे ब्रश दोन असतात, एक कार्बनचा आणि एक तांब्याच्या जाळीचा, दोन्ही बदलले. रबरी टायर बदलले. मग प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल. इथे हात सैल सोडू नका. तेल जास्त झालं की ते कम्युटेटरवर पसरतं, कार्बनशी मिसळून चिखल होतो आणि मोटर पुन्हा बसते. माझं दुसरं इंजिन याच कारणाने दोनदा उघडावं लागलं.

दिशा बदलायची पद्धतही बघण्यासारखी आहे. ट्रान्सफॉर्मरची मूठ शून्याच्या पलीकडे ढकलली की क्षणभर २४ व्होल्टचा झटका जातो, इंजिनातला रिले (विजेवर चालणारा स्विच) ‘टक्’ करतो आणि इंजिन उलटं निघतं. रिलेची स्प्रिंग सैल पडली असेल तर भरधाव असतानाच दिशा बदलते. फार ताठ असेल तर इंजिन जागच्या जागी उडी मारतं आणि पुन्हा त्याच दिशेने सुटतं. चिमट्याने स्प्रिंगचं टोक केसभर वाकवायचं, बघायचं, पुन्हा वाकवायचं. एका संध्याकाळी जमतं. आणि एकदा जमलं की अकरा महिने पुन्हा हात लावावा लागला नाही.

खरा त्रास दिला तो रुळांनी. खोके कित्येक वर्षं कुणाच्या तरी तळघरात ओलीत होते. रुळांच्या टोकांना पत्र्याच्या जिभा असतात, एकीत एक अडकते. तिथे गंज धरला होता. पहिला वळसा जोडला तेव्हा ट्रान्सफॉर्मरजवळ गाडी झकास पळायची आणि पलीकडच्या टोकाला मुंगीसारखी सरकायची. मीटर लावला तर अलीकडे १६ व्होल्ट, पलीकडे गाडी चालू असताना १२.८. मी आधी इंजिनालाच दोष देत बसलो, त्यात दोन आठवडे गेले. उपाय साधा निघाला. प्रत्येक जीभ ग्लासफायबरच्या ब्रशने घासली, चिमट्याने थोडी दाबून घट्ट केली, आणि साधारण दर मीटरला खालून वायरी सोल्डर केल्या. तपकिरी वायर पत्र्याला, लाल मधल्या जिभेला, मेर्क्लिनचीच रंगांची पद्धत. पत्र्याला सोल्डर धरत नाही, आधी पॉलिशपेपर मारून फ्लक्स (सोल्डर धरवणारी पेस्ट) लावावा लागतो. मधल्या जिभेवर मात्र झटपट काम उरका, नाहीतर खालचं इन्सुलेशन जळतं. आता पलीकडच्या टोकालाही १५.५ मिळतात.

रुळांच्या वरच्या बाजूला पॉलिशपेपर कधीही लावू नका. त्यावरचा मुलामा गेला की गंज वेगाने चढतो. स्टील वूल तर नकोच, त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकीय भागात ओढले जातात. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा वापरतो, पंधरा दिवसांतून एकदा. तेवढं पुरतं.

निळा ट्रान्सफॉर्मर मी एकदाही लावला नाही आणि तुम्हीही लावू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. दिसायला तो देखणा आहे, लाल मुठीचा. पण त्याची केबल मी वाकवली तेव्हा रबर वाळक्या पापडासारखं तुटलं आणि आतली तांब्याची तार उघडी पडली. शिवाय तो २२० व्होल्टच्या काळातला, आता घरात २३० येतात. तो शोभेला फळीवर ठेवला आणि २३० व्होल्टसाठी बनवलेला ३२ व्हीएचा नंतरचा पांढरा ट्रान्सफॉर्मर घेतला. इंजिन जुनं असू द्या, डबे जुने असू द्या. भिंतीतून येणारी वीज ज्या वस्तूत शिरते ती मात्र धडधाकट हवी. घरात मूल असेल तर यात तडजोड नाही.

आवाजाचंही सांगायला हवं. पोकळ पत्रा प्लायवर ठेवला की सगळा प्लाय ढोलकीसारखा वाजतो. आमच्याकडे रात्री दहानंतर शांतता पाळायची असते आणि खाली एक वयस्कर बाई एकट्या राहतात. चार मिलिमीटरचं कॉर्क अंथरलं तेव्हा निम्मा आवाज गेला. उरलेला गेला स्क्रू काढल्यावर. स्क्रूमधूनच थरथर खाली उतरत होती. आता फक्त कोपऱ्यांत एकेक स्क्रू आहे, तोही सैल. खालच्या आजी एकदा येऊन गाडी बघून गेल्या. लहानपणी त्यांच्या भावाकडे अशीच होती म्हणाल्या, आणि सांधा बदलला की फिरणाऱ्या दिव्याकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

देखावा मी जुन्याच पद्धतीचा केला. आजकालचं हुबेहूब गवत नाही. रंगवलेला लाकडाचा भुसा, बोगद्यासाठी वर्तमानपत्राचा लगदा आणि प्लास्टर, जुन्या बाजारातलीच फालर कंपनीची दोन छोटी घरं. पायवाटांची माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. तो रंग दुकानातल्या कुठल्याच डबीत मिळाला नाही.

आणि आता खेकडा. मी कल्याणचा. लहानपणी यार्डात शंटिंग करणारं एक विचित्र इंजिन दिसायचं, मधे केबिन, दोन्हीकडे लांब नाकं, चाकांना जोडणारे दांडे. सगळे त्याला खेकडा म्हणायचे. जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने) घाटासाठी १९२८ च्या सुमारास आणलेलं हे इंजिन. पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथुर इथल्या कारखान्यात बनली. त्याच कारखान्याने त्याच्या आधी गोट्हार्डच्या चढासाठी स्विस इंजिनं घडवली होती, ज्यांना इकडे मगर म्हणतात. मार्चमध्ये मोडक्या पेंटोग्राफची (टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या दांड्याची), बंद पडलेली मेर्क्लिनची मगर १९० युरोंना मिळाली. आत पुन्हा तेच, घट्ट झालेलं तेल आणि झिजलेले ब्रश. ती चालली त्या रात्री कल्याणला व्हिडिओ कॉल लावला. बाबा चष्मा पुसून म्हणाले, “अरे, हा तर आपला खेकडा! पण हिरवा कसा?”

मग त्याला घाट हवाच. बोरघाटाचा चढ ३७ ला १. मी तीन मीटरमध्ये आठ सेंटीमीटर चढवले, म्हणजे जवळपास तेवढाच. हा फाटा बोगद्यावरच्या स्टेशनात संपतो. ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरूनही एवढं लांब इंजिन अंग मोडत सहज जातं. खोलीतला दिवा मालवून बघा, ब्रशपाशी निळसर ठिणगी लुकलुकते आणि गरम तेलाचा वास येतो. सहा वाघिणी तो न कुरकुरता नेतो. नववी लावली की वळणावर चाकं फिरतात, गाडी हलत नाही.

बाबा म्हणाले, कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लावतात, तसा लाव. मागे टँक इंजिन लावलं. इथे अडचण अशी की एका रुळावर सगळ्यांना तेवढेच व्होल्ट मिळतात, आणि टँक इंजिन त्याच व्होल्टला जास्त पळतं. ते मागून ढकलतं, वळणावर मधली रिकामी वाघीण उचलली जाते आणि रुळावरून उतरते. प्रत्येक वाघिणीत शिशाचा तुकडा ठेवून बघितला. उतरायचं थांबलं, पण वजन वाढल्यामुळे दोघंही दमले आणि आठव्या वाघिणीवरच अडकले. आता मागच्या इंजिनाच्या विजेच्या वाटेत एक छोटा रेझिस्टर (वीज अडवून कमी करणारा भाग) घालून त्याचा वेग खेकड्याशी जुळवतो आहे. काल दहा वाघिणी बोगद्याच्या तोंडापर्यंत चढल्या.