महायुद्धातलं जुनं विमान समुद्रापार न्यायचंय: उडवत की खोलून?

दुसऱ्या महायुद्धातलं विमान समुद्रापलीकडच्या एअर शोला किंवा नव्या मालकाकडे पोचवायचं असेल, तर मार्ग दोनच. एक तर त्याच्याच इंजिनावर उडवत न्या, नाहीतर पंख उतरवा आणि बोटीने पाठवा. चर्चा सुरू झाली की पहिला विषय निघतो तो खर्चाचा. माझ्या मते खर्चाचा नंबर तिसरा. आधी विचारा: एक इंजिन बंद पडलं तर विमान हवेत राहील का? आणि पंख सहज सुटतात का? बहुतेक विमानांचा निकाल इथेच लागतो.

डाकोटा या दोनइंजिनी मालवाहू विमानाचंच बघा. पंखांचा पसारा २९ मीटर, लांबी १९ मीटरच्या वर. बाहेरचे पंख बोल्टांच्या रांगा सोडवून काढता येतात, पण पंखांचा मधला भाग, ज्यावर दोन्ही इंजिनं बसतात, तो धडाचाच भाग आहे. चाळीस फुटी कंटेनर आतून जेमतेम १२ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद. म्हणजे बोटीने पाठवायचं तर उघड्यावर, खारा वारा खात, आणि बंदरापर्यंतच्या रस्त्यांवर वेगळीच सर्कस. त्यामुळे डाकोटा उडवतच नेतात. तिची रेडियल इंजिनं हवेने थंड होतात. गळायला कूलंटच (इंजिन थंड ठेवणारा द्रव) नाही.

२०१९ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरल्याच्या (६ जून १९४४) पंचाहत्तरीसाठी अमेरिकेतून डाकोटांचा अख्खा ताफा अटलांटिक ओलांडून गेला. वाट युद्धकाळातलीच: कॅनडातलं गूस बे, ग्रीनलंडमधलं नार्सार्सुआक, मग आइसलँड आणि स्कॉटलंड. गूस बे ते नार्सार्सुआक सुमारे १,२५० किलोमीटर, तिथून रेक्याविक जवळपास तेवढंच, आणि पुढे प्रेस्टविक साधारण १,३६० किलोमीटर. डाकोटाच्या चालीने एकेक टप्पा साडेचार-पाच तासांचा. टाक्यांच्या हिशेबात हे आरामात बसतं. खरी मेख नार्सार्सुआकची. १९४१ मध्ये अमेरिकनांनी बांधलेली ही धावपट्टी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, आतल्या टोकाला आहे, भोवती डोंगर. ढग खाली उतरले की आत शिरायची वाट बंद होते. तिथून परत फिरायचं ठरवलं तर पुरेल एवढं इंधन टाकीत आहे का, हा हिशेब निघण्यापूर्वी करायचा असतो. शिवाय या विमानांत हवेचा दाब राखायची सोय नाही, म्हणून फार उंच जाता येत नाही. वादळाच्या वरून जाता येत नाही, त्याच्या खालून किंवा मधून जावं लागतं. पंखांच्या कडेचे बर्फ फोडणारे रबरी बूट डागडुजीच्या वेळी काढून टाकले असतील, तर उत्तर अटलांटिकचा विचार मनातून काढून टाकलेला बरा.

आणि दोन इंजिनं म्हणजे पूर्ण हमी असंही नाही. टाक्या काठोकाठ भरून नुकतंच उड्डाण केलेलं विमान एका इंजिनावर फार तग धरत नाही. इंधन जळून वजन उतरलं की मग ती हमी लागू होते.

आपल्याकडचं उदाहरण यापेक्षा सौम्य आहे. हवाई दलाला भेट मिळालेली ‘परशुराम’ डाकोटा एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून निघाली आणि फ्रान्स, इटली, ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबिया, बहारीन, ओमान करत जामनगरला उतरली. मस्कतहून सरळ जामनगरला यायचं तर अरबी समुद्रावरचं अंतर जवळपास ग्रीनलंडच्या टप्प्याएवढंच भरतं. फरक पाण्याचा आहे. अरबी समुद्रात माणूस तराफ्यावर वाट बघत बसू शकतो. कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या लॅब्राडोर समुद्राच्या गार पाण्यात पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं, हातपाय कामाचे राहतात ती पुढची दहाएक मिनिटं, आणि तासाभरात शुद्ध हरपते. इमर्शन सूट (गार पाण्यापासून वाचवणारा पोशाख) विमानात ठेवून उपयोग नाही, निघतानाच अंगावर हवा.

आता एकइंजिनी लढाऊ विमानं. इथे माझं मत स्पष्ट आहे: कंटेनर. स्पिटफायरचे पंख मुळातच दोन वेगळ्या भागांत सुटतात. मस्टँगचा पंख धडापासून उतरवून मधोमध वेगळा करता येतो. खास चौकटीत पंख उभे केले की चाळीस फुटी कंटेनरमध्ये मावतात. उलट उडवत न्यायचं तर या विमानांच्या, कूलंटवर थंड होणाऱ्या मर्लिन इंजिनाचा एखादा कूलंटचा पाइप फुटला की हाती थोडीच मिनिटं उरतात. पाण्यावर उतरवावं म्हटलं तर मस्टँगच्या पोटाखालचा हवा ओढणारा भाग पाण्यात रुततो आणि विमान नाकावर जातं. पॅराशूटने उडी मारणं त्यातल्या त्यात बरं, पण उडी कुठे, तर त्याच पाण्यात.

‘ग्लेशियर गर्ल’ या विमानाची कथा इथे सांगितलीच पाहिजे. जुलै १९४२ मध्ये सहा पी-३८ (दोनइंजिनी लढाऊ) आणि दोन बी-१७ (बॉम्बफेकी) विमानं ग्रीनलंडच्या बर्फावर उतरावी लागली. हवामान बिघडलं, इंधन संपत आलं. माणसं सगळी वाचली. विमानं तेव्हा नवी कोरी होती, हे विसरू नका. त्यातलं एक पी-३८, हीच ‘ग्लेशियर गर्ल’, १९९२ मध्ये सुमारे ८० मीटर बर्फाखालून वर काढलं, २००२ मध्ये ते पुन्हा उडालं आणि २००७ मध्ये इंग्लंडपर्यंतचा अर्धवट प्रवास पुरा करायला निघालं. गूस बेपर्यंत पोचलं आणि उजव्या इंजिनातून कूलंट गळायला लागला. मोहीम तिथेच थांबवली. इंजिनं दोन असूनही. मला या प्रसंगात अपयश दिसत नाही. गळती जमीन जवळ असताना लक्षात आली आणि परत फिरण्याचा निर्णय घेणारी माणसं सोबत होती.

‘सिल्व्हर स्पिटफायर’ने तर २०१९ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, मग एकइंजिनी विमानाला नाही कशाला म्हणायचं, असं कोणी विचारेल. त्या विमानातल्या तोफा काढून जास्तीच्या टाक्या बसवल्या होत्या आणि सोबतीला पिलाटस हे आधुनिक विमान होतं. एवढी तयारी असेल तर जरूर जा. पण सोबतचं विमान तुमची जागा कळवू शकतं, पाण्यातून उचलून घेऊ शकत नाही.

कंटेनरमध्ये जिवाला धोका नाही, वेळेला आणि धातूला आहे. इंजिन संरक्षक तेल भरून बंद करावं लागतं, दमट हवेची काळजी घ्यावी लागते, कस्टम्समध्ये आठवडे जाऊ शकतात. पंख पुन्हा जोडताना कंट्रोल केबलचा ताण चुकला तर पहिल्याच चाचणी उड्डाणात ते कळतं. ज्यांनी विमान खोललं, त्याच मेकॅनिकना जोडायला पलीकडे न्या. इथे पैसे वाचवू नका.

उडवत न्यायचं ठरलंच, तर तारखेची घाई टाळा. सोहळा ६ जूनला असेल आणि तुम्ही ३ जूनला गूस बेमध्ये ढगांकडे बघत बसला असाल, तर नको तो निर्णय घेतला जातो. किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. वाटेत अ‍ॅव्हगॅस (विमानांचं पेट्रोल) मिळेल का, हेही आधी विचारा. जेटचं इंधन सगळीकडे असतं, पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांसाठी पिंपं आधी पाठवून ठेवावी लागतात.

आणि परतीचं आत्ताच ठरवा. कॅनडाचं लँकेस्टर हे चारइंजिनी बॉम्बफेकी विमान २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडला पोचलं. दौऱ्यातच त्याचं एक इंजिन गेलं, आणि ब्रिटिश हवाई दलाच्या स्मृतिताफ्याने आपलं सुटं मर्लिन उसनं दिलं म्हणून पुढचे कार्यक्रम झाले. सप्टेंबर उलटला की अटलांटिक उन्हाळ्यातला राहत नाही. एकइंजिनी विमान जाताना उडवत नेलं असलं, तरी येताना कंटेनर आरक्षित करून ठेवा.