एअर ट्रॅक घरी घ्यावा का? चिअरलीडिंगच्या पालकांसाठी परीक्षण

मुलगी चिअरलीडिंगच्या वर्गाला रुळली की घरात एअर ट्रॅकचा विषय निघतोच. पंपाने फुगवायची ही लांब मॅट ऑनलाइन सहज मिळते. जाहिरातीत एवढीशी पोर तिच्यावर सलग तीन हँडस्प्रिंग (हातांवर उलटून पुन्हा पायांवर येण्याची उडी) मारते आणि आईबाबांना वाटतं, मॅट आली की गॅदरिंगपर्यंत आपलीही मारेल. वस्तू चांगली आहे, पण तिच्याकडून जे मागितलं जातं त्यातलं निम्मं तिच्या हातातच नाही.

घरगुती ट्रॅक साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड असतो. पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाचे दोन थर आतून हजारो दोऱ्यांनी बांधलेले असतात, म्हणून कितीही हवा भरली तरी मध्ये फुगवटा येत नाही. २० सेंटिमीटरचा मोठ्या, वजनदार मुलांना ठीक. आठ-दहा वर्षांच्या मुलीला १० पुरे, जास्त जाडीवर उसळीच जास्त मिळते.

खरा प्रश्न लांबीचा आहे. ३ मीटरमध्ये एक कार्टव्हील (हातांवरून चाकासारखी बाजूची पलटी) बसते किंवा उभ्याने मारलेली एक बॅक हँडस्प्रिंग, म्हणजे मागच्या बाजूची. राउंड-ऑफला (दोन्ही पाय एकदम टेकणारी कार्टव्हील) जोडून हँडस्प्रिंग मारायची तर पाय मॅटबाहेर फरशीवर उतरतात, आणि घोटा मुरगळतो तो इथेच. त्या जोडीला ६ मीटर हवेत, शिवाय दोन्ही बाजूंना निदान मीटरभर मोकळी जागा. राजारामपुरीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सोफा बाहेर काढला तरी हे जमणं कठीण. मग मॅट गच्चीवर जाते.

गच्चीवर कोल्हापूरचं ऊन. आतली हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की तिचा एकूण दाब सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाहेरच्या हवेचा दाब तेवढाच राहतो, त्यामुळे ही सगळी वाढ शिवणींवर येते. सकाळी टम्म फुगवून दुपारी उन्हात विसरलेल्या मॅटची कड सुटते ती यामुळे. सराव झाला की थोडी हवा सोडून सावलीत ओढायची. पावसाळ्यात तर गच्ची नकोच. ओल्या पीव्हीसीवर हात सटकतो, आणि ओलसर मॅटची घडी घातली की चार दिवसांत बुरशीचा वास येतो. फरशीवर मॅटच सरकते. खाली सतरंजी घालतात, ती तर आणखी सरकते. रबरी जाळीची अँटी-स्लिप शीट घाला.

हवा किती? मोठ्या माणसाने मॅटच्या मधोमध टाचेवर भार देऊन उभं राहावं. टाचेला जमीन लागली तर कमी आहे. कमी हवेत मनगट आणि घोटा आत रुततो, ते जास्त हवेपेक्षा वाईट. व्हॉल्व्हमधली पिन वर असेल तर तो बंद, दाबून फिरवून खाली अडकवली तर उघडा. 'नवीन मॅट लीक आहे' म्हणून परत पाठवलेल्या मॅटमध्ये बऱ्याचदा एवढीच पिन खाली राहिलेली असते. तरीही हवा जात असेल तर साबणाचा फेस आधी व्हॉल्व्हच्या कडेला, मग शिवणीला लावा. बुडबुडे येतील तिथे भोक. पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, काही दिवसांत ठिगळ उचकटतं. पीव्हीसीचंच लवचिक ॲडहेसिव्ह हवं, नळाच्या पाइपला लावतात ते नव्हे. हवा पूर्ण काढा, जागा स्पिरिटने पुसा, ठिगळ आणि मॅट दोन्हींना पातळ थर द्या, चिकटसर झाला की दाबा आणि २४ तास हात लावू नका.

आता तिच्यावर काय करायचं. कार्टव्हील, राउंड-ऑफ, हँडस्टँडमधून कमान, कमानीतून पाय मारून उभं राहणं: या सगळ्याला उत्तम. पुन्हा पुन्हा करता येतं आणि मनगटाला दणका कमी बसतो. बॅक हँडस्प्रिंग मात्र वर्गात सरांच्या किंवा मॅडमच्या हाताखाली बसल्यावरच घरी. कारण ट्रॅक उसळी फुकट देतो. खांद्याचा रेटा कमी पडला, गुडघे बोटांच्या पुढे गेले, तरी पोरगी पलटी होऊन उभी राहते आणि व्हिडिओत झकास दिसते. तीच उडी गॅदरिंगच्या लाकडी स्टेजवर मारली की उसळी गायब, कोपर वाकतं आणि डोकं खाली येतं. मनगटाच्या मागच्या बाजूला भार देताना दुखतंय असं ती म्हणाली तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात तिथल्या हाडाचं टोक कोवळं असतं. एका वेळी एकच मूल, हा नियम भावंडांनाही लागू.

स्टंट, म्हणजे एकीला वर उचलून धरणं, मात्र यावर अजिबात नको. मुलीला फ्लायर, म्हणजे वर उचलली जाणारी, करायचंच म्हणून बाबा तिला मॅटवर खांद्यावर उभी करतात. खालची मॅट हलती, बेसचा, म्हणजे खालून उचलणाऱ्याचा, पाय अस्थिर, वर पोरगी. स्टंटला घट्ट जमीन लागते. आणि फ्लायर फक्त वजन कमी म्हणून निवडत नाहीत. शरीर ताठ धरता येणं, लवचिकता आणि खालच्या बेसची ताकद यांवर ते ठरतं. मागे उभी राहून फ्लायरचं डोकं आणि खांदे सांभाळणारी बॅकस्पॉट चुकली तर सगळा संघ कोसळतो, पण तिचा फोटो कुणी स्टेटसला टाकत नाही.

'टक कधी शिकवणार?' हा पालकांचा लाडका प्रश्न. टक म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन, हात न टेकता हवेत मारलेली कोलांटी. अमेरिकेतल्या क्लब स्पर्धांच्या लेव्हल पद्धतीत, जी इतरत्रही वापरली जाते, पहिल्या लेव्हलला हवेतली कोलांटी चालतच नाही, बॅक हँडस्प्रिंग दुसरीला येते आणि राउंड-ऑफनंतरचा टक तिसरीला. खालच्या लेव्हलच्या रुटीनमध्ये (संघाच्या सादरीकरणात) टक मारला तर गुण कापले जातात. अडीच मिनिटांच्या रुटीनमध्ये टंबलिंगचे, म्हणजे कोलांट्याउड्यांचे, गुण देताना संघातल्या किती मुली ती उडी मारतात हेही पाहतात. एकट्या तुमच्या लेकीला गच्चीवर टक आला म्हणून संघाची लेव्हल चढत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य आणलं, तेव्हा ऑलिंपिकची गोष्ट इथल्या घराघरांत निघणारच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये इंटरनॅशनल चिअर युनियनला पूर्ण मान्यता दिली हे खरं, पण मान्यता म्हणजे स्पर्धेच्या यादीत समावेश नव्हे. दहावीच्या ग्रेस गुणांच्या आशेने हा खर्च करत असाल तर आपला खेळ आणि आपली स्पर्धा त्यात बसते का, हे आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. वर्गवाल्यांच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

घ्यायचाच असेल तर घरासाठी १० सेंटिमीटरचा ३ मीटरवाला घ्या. किमतीत विजेचा पंप आणि दुरुस्तीचे तुकडे धरलेत का ते पाहा. पायपंपाने फुगवता फुगवता सरावाचा वेळ संपतो. ६ मीटरवाला एकट्याने घेण्यात अर्थ नाही. तीन-चार घरांनी वर्गणी काढून तो वर्गाच्या हॉलमध्येच ठेवावा, म्हणजे जागेचा प्रश्न सुटतो आणि सरांची नजरही राहते. फक्त पंप कुणाच्या घरी राहील आणि भोक पडल्यावर पैसे कोण देईल, हे पहिल्याच दिवशी ग्रुपवर लिहून ठेवा.