टीव्हीला होम थिएटर जोडायचंय: एचडीएमआय एआरसी, ऑप्टिकल, ऑक्स का ब्लूटूथ?

टीव्ही नवा, साउंडबार नवा, आणि आवाज मात्र अजून टीव्हीच्याच बारक्या स्पीकरमधून यायलाय. लातूर म्हणा, नांदेड म्हणा नाहीतर संभाजीनगरच्या सिडकोतला फ्लॅट म्हणा, ही तक्रार सगळीकडं ऐकू येते आणि बऱ्याचदा ना टीव्ही बिघडलेला असतो ना साउंडबार, मधली वायर नाहीतर एखादी सेटिंग चुकलेली असते. दुकानात गेलं की भारी वायर कोणती एवढंच सांगतात. पण आपल्याकडं लाइट जाते-येते, उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, मे महिन्यात विजा कडाडतात, त्यामुळं मी तर म्हणेन की कोणती वायर कशानं दगा देते आणि तो बिघाड वायरमन न बोलावता घरी निघतो का, हे बघूनच ठरवा.

आधी दोन्ही वस्तूंच्या पाठीमागं मोबाईलचा टॉर्च मारून नीट बघा. टीव्हीला एचडीएमआयची दोन-तीन तोंडं असतील पण त्यातल्या एकाच्याच शेजारी बारीक अक्षरात एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं, वायर तिथंच लागली पाहिजे. साउंडबारवर सुद्धा इन आणि आउट अशी दोन तोंडं असली तर टीव्हीची वायर आउटमध्ये, म्हणजे जिथं टीव्ही एआरसी लिहिलंय तिथं जाते. आवाज बाहेरून आत येणार म्हणून लोक इनमध्ये घालतात आणि मग आवाज येईना म्हणून बसतात. जवळजवळ चौकोनी तोंड आणि त्यावर झाकण असेल तर ते ऑप्टिकल. लाल-पांढरी गोल तोंडं आरसीए, आणि हेडफोनचं छिद्र म्हणजे ऑक्स.

एचडीएमआय एआरसी

एआरसी 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 सोबत आलं. एकाच वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा साउंडबारकडं जातो आणि टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. घरात आई-वडील असतील, दोन रिमोट सांभाळायचा त्यांना कंटाळा येत असेल, तर हा फायदा बाकी कशातच एवढा सरळ मिळत नाही. आवाजाच्या दर्जाचं म्हणाल तर डॉल्बी डिजिटलचं 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांचे वेगवेगळे आवाज, आरामात येतं, आणि ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज आल्यासारखा भास देणारा प्रकार) डॉल्बी डिजिटल प्लसमधून येत असल्यानं टीव्हीनं तो पुढं सोडला तर तो पण साध्या एआरसीवर मिळतो.

ईएआरसी त्याचा मोठा भाऊ, एचडीएमआय 2.1 सोबत 2017 मध्ये जाहीर झाला. ब्लू-रे डिस्कवरचा दर्जा न घटवणारा ट्रू-एचडी आवाज, गेमच्या कन्सोलचा पूर्ण 7.1 आवाज, हे त्याच्यातूनच जातं, आणि ओठ-आवाजाचा मेळ आपोआप बसवायची सोय त्यात ठेवलेलीच आहे. पण घरात डिश, ओटीटी आणि यूट्यूब एवढंच चालत असेल तर फक्त ईएआरसीसाठी पाच-सात हजार जास्त मोजून वरचं मॉडेल घ्यायची मला तरी गरज वाटत नाही. डिश-केबलवरच्या बहुतेक मराठी चॅनलचा आवाज मुळात दोन चॅनलचाच असतो.

आता त्याचा त्रास. एआरसी चालायला टीव्हीत सीईसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतून एका वस्तूनं दुसरीला हुकूम द्यायची सोय, चालू लागतं आणि प्रत्येक कंपनीनं त्याला वेगळं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राविया सिंक. हे बंद असलं की आवाज गायब. दुसरं म्हणजे लाइट जाऊन आली की टीव्ही आणि साउंडबार एकदमच जागे होतात, त्यांची आपसातली ओळखपाळख नीट होत नाही, साउंडबार ब्लूटूथवर जाऊन बसतो आणि टीव्ही स्वतःच्या स्पीकरवर. मग घरातले म्हणतात साउंडबार जळाला. काही जळलेलं नसतं. दोघांचे प्लग बोर्डातून काढायचे, रिमोटनं बंद करून उपयोग नाही, दोन-तीन मिनिटं तसंच ठेवायचं, मग आधी टीव्ही लावायचा, तो पूर्ण चालू झाला की साउंडबार, आणि टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये जाऊन एचडीएमआय एआरसी निवडायचं. एवढ्यानंही नाही आलं तर डिजिटल आउटपुट ऑटोवरून पीसीएमवर, म्हणजे डॉल्बी नसलेल्या साध्या डिजिटल आवाजावर, करून बघा. पीसीएमवर आवाज आला म्हणजे वायर ठीक आहे, टीव्ही जो प्रकार पाठवायलाय तो तुमच्या साउंडबारला समजेना एवढाच अर्थ. मग तिथून डॉल्बी डिजिटलवर नेऊन बघायचं, कारण पीसीएमवर एआरसीतून फक्त स्टिरिओ मिळतो.

ऑप्टिकल

हिला लोक जुनी समजून बाजूला सारतात. तोशिबानं 1983 मध्ये काढलेली वायर आहे खरी, पण आपल्या भागासाठी मला ती फार मोलाची वाटते आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. कारण असं की हिच्यातून वीज जातच नाही, प्रकाश जातो. टीव्ही आणि होम थिएटरमध्ये तांब्याचा संबंध राहत नाही, म्हणून अर्थिंगची घूं घूं या वायरीतून येऊच शकत नाही. आणि अवकाळीच्या दिवसात डिशच्या वायरीतून झटका सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून टीव्हीत आला तरी ऑप्टिकलवरून तो पुढं होम थिएटरपर्यंत पोचत नाही. प्लगमधून येणारा झटका वेगळा, त्यासाठी आभाळ भरून आलं की प्लग काढावाच लागतो, आणि सोबत डिशची वायर पण काढा, नुसता प्लग काढून लोक निवांत होतात आणि वायर तशीच छतावरच्या छत्रीला जोडलेली राहते.

बिघाड शोधायला पण ही सगळ्यात सोपी. टीव्ही चालू ठेवून वायरीचं मोकळं टोक तळहातावर धरायचं, लाल ठिपका दिसला तर टीव्हीकडून काम चालू आहे, पुढचं साउंडबारच्या इनपुटमध्ये शोधा. ठिपका नाही तर टीव्हीची सेटिंग नाहीतर वायर. नवीन वायरीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची बारीक टोपी असते, ती न काढता लोक जोर लावून बसवतात आणि मग वायर सारखी निसटते. टोपी काढली, टोकाचा आकार तोंडाशी जुळवला की टक् असा आवाज होऊन बसते. फक्त ती करकचून वाकवायची नाही, शोकेसच्या मागं दाबून घडी पडली की काम संपलं.

कमी काय आहे तिच्यात? डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, म्हणून अ‍ॅटमॉस नाही, साधं 5.1 मिळतं, आणि काही टीव्ही तर ऑप्टिकलवर स्टिरिओच देतात. टीव्हीच्या रिमोटनं आवाज सहसा कमी-जास्त होत नाही, साउंडबारचा रिमोट हातात ठेवावा लागतो. माझ्या मते रोजची कटकट नसणं हे अ‍ॅटमॉसपेक्षा मोठं आहे, विशेषतः दोन छोटे स्पीकर असलेल्या साउंडबारवर.

ऑक्स आणि लाल-पांढरी

बाजारात 5.1 होम थिएटर म्हणून टॉवर-वूफरचे सेट मिळतात, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम सगळं असलेले, त्यातल्या कितीतरी सेटांना ना एचडीएमआय असतं ना ऑप्टिकल. त्यांना टीव्हीच्या हेडफोन छिद्रातून लाल-पांढरी वायर हाच रस्ता. चालतं, गाण्याला दणका पण बरा देतं, फक्त हे माहिती असू द्या की त्या वायरीतून डावा-उजवा एवढे दोनच आवाज जातात, मागच्या स्पीकरमधून जे ऐकू येतं ती त्याचीच नक्कल असते. खरं 5.1 हवं असेल तर खोक्यावरचा आकडा न बघता मागं एचडीएमआय किंवा ऑप्टिकल आहे का ते बघा.

काही नव्या टीव्हींना हेडफोनचं छिद्रच नाही. मग ऑप्टिकलचं आरसीए करणारी छोटी डबी मिळते, ती लावली की टीव्हीत पीसीएम करायला विसरू नका, स्वस्त डब्यांना डॉल्बी कळत नाही आणि खरखर नाहीतर पूर्ण शांतता मिळते.

या वायरीचा खरा त्रास म्हणजे घूंऽऽ असा सतत घुमणारा आवाज. तो 50 हर्ट्झचा, म्हणजे आपल्या लाइटचाच. शोधायची पद्धत सोपी आहे, सगळं चालू ठेवून डिशची वायर सेट टॉप बॉक्सच्या मागून फिरवून काढा. आवाज थांबला तर छतावरची छत्री आणि घरातलं अर्थिंग यांच्यात फरक पडलाय. थांबला नाही तर टीव्ही, सेट टॉप बॉक्स, होम थिएटर तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेऊन बघा. एप्रिल-मेमध्ये हा आवाज वाढत असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा, माती कोरडी पडली की अर्थिंगचा विरोध वाढतो, त्यात पाणी घालून ठेवावं लागतं आणि तरीही फरक पडेना तर वायरमनकडून तपासून घ्या. घूं घूं जावी म्हणून काही जण प्लगची जाड अर्थिंगची पिनच तोडून टाकतात. असं कधीच करू नका, घरात लेकरं असतात, आवाज राहिला तरी चालेल.

ब्लूटूथ

वायर नाही म्हणून सगळ्यांना आवडतं, आणि गाण्यांसाठी छानच आहे. सिनेमा-बातम्यांना मात्र ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. आवाज हवेतून पाठवायला जो वेळ लागतो तो असतोच, आणि साउंडबारमधली डिले सेटिंग इथं कामाची नाही कारण ती आवाज आणखी मागं ढकलते. ती सेटिंग उलट बिघाडासाठी आहे, सेट टॉप बॉक्सचा आवाज टीव्हीत न नेता सरळ होम थिएटरला दिलेला असतो आणि चित्रच मागं पडतं तेव्हा. बघायच्या टीव्हीसाठी ब्लूटूथ शेवटचा पर्याय धरा.

मोठा रिसीव्हर असेल तर

सगळं रिसीव्हरला, म्हणजे सगळ्या वस्तू जोडून घेऊन स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, लावून एक वायर टीव्हीला न्यायची, का सगळं टीव्हीला लावून आवाज एआरसीनं मागं आणायचा? रिसीव्हर नवा असेल तर पहिलं. पण एचडीएमआय 1.4 च्या काळातला, एचडीसीपी 2.2 (4के चित्राची चोरी रोखणारं कुलूप) नसलेला रिसीव्हर मध्ये बसला की 4के ओटीटी स्टिक काळा पडदा दाखवते नाहीतर क्वालिटी उतरवते. अशा वेळी रिसीव्हर विकायची घाई नको, स्टिक आणि डिश टीव्हीला लावा, आवाज ऑप्टिकलनं रिसीव्हरला द्या, जुना रिसीव्हर अजून कित्येक वर्षं उत्तम वाजेल. स्टिक मधूनमधून बंद पडत असेल तर ती टीव्हीच्या यूएसबीवर न चालवता तिच्या स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर लावा.

थोडक्यात ज्यांच्या दोन्ही वस्तूंना एआरसी आहे आणि लाइट बऱ्यापैकी टिकते त्यांनी एआरसीच लावावं. ज्यांच्याकडं दिवसातून दोन-चारदा लाइट जाते, घरात वयस्कर माणसं एकटी असतात आणि सेटिंगमध्ये शिरणारं कोणी नाही, त्यांना मी ऑप्टिकलच सुचवेन, रिमोट दोन झाले तरी.

आणि घर बांधायलेत ते सगळे, प्लास्टरच्या आधी टीव्हीच्या जागेपासून खालच्या शोकेसपर्यंत निदान दीड इंची नळी टाकून घ्या, अर्ध्या-पाऊण इंचीतून एचडीएमआयची पिन जातच नाही. वळणाला एल्बो टाळून लांब बेंड वापरायला सांगा आणि आत एक दोरी सोडून ठेवा. पाच मीटरच्या पुढं साधी एचडीएमआय वायर 4के ला दगा देऊ शकते, चित्रात ठिपके चमकतात नाहीतर पडदा मधेच काळा होतो, त्यामुळं शोकेस टीव्हीच्या भिंतीलाच ठेवलेलं बरं.